डबल्सवर पोट भरायचं असेल तर: मुंबईतल्या नव्या टेनिसपटूंसाठी

मुंबईतल्या कुठल्याही जिमखान्याच्या टेनिस कोर्टवर रविवारी सकाळी सहाला जा. चार काका डबल्स खेळताना दिसतील. दोघांच्या गुडघ्यांना पट्टे, एकाचा खांदा दुखरा, सर्व्हिस कशीबशी नेटपलीकडे जाणारी. त्यांच्यासमोर सतरा वर्षांची दोन तगडी पोरं उभी करा. पोरं हरतात. हे मी इतक्यांदा पाहिलंय की माझ्याकडे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच महिन्यात काकांसमोर उभं करतो. पोरं बॉलवर जोर काढतात, काका जागा बघून बॉल ठेवतात.

पण मुलं आणि त्यांचे पालक यातून भलतंच शिकतात: डबल्स म्हणजे वय झाल्यावरचा खेळ. "सर, सिंगल्समध्ये नाहीच जमलं तर डबल्स आहेच की," असं पालक सहज बोलून जातात. ते वाक्य खोडायला हा लेख लिहितोय. डबल्स हा वेगळा पेशा आहे. त्याची हत्यारं वेगळी, हिशोब वेगळा, वयाचं गणित वेगळं, आणि त्यात निम्मं करिअर दुसऱ्या माणसाच्या हातात असतं. हे पंधराव्या-सोळाव्या वर्षी उमगलं तर तयारीला हाताशी बरीच वर्षं राहतात.

खरं तर आपल्या देशात हे पटवून द्यावं लागू नये. भारतीयांनी मोठ्या गटात जिंकलेली ग्रँड स्लॅमची विजेतेपदं डबल्स आणि मिक्स्ड डबल्सचीच आहेत. सुरुवात महेश भूपतीने केली, १९९७ च्या फ्रेंच ओपनमध्ये, जपानच्या रिका हिराकीला जोडीला घेऊन. लिअँडर पेसच्या नावावर १८, भूपतीच्या १२, मुंबईत जन्मलेल्या सानिया मिर्झाच्या ६. आणि रोहन बोपण्णा. पुरुष डबल्समधली ग्रँड स्लॅमची पहिली फायनल तो २०१० मध्ये यूएस ओपनला खेळला, ऐसाम उल हक कुरेशीबरोबर, आणि हरला. पुरुष डबल्सचं पहिलं ग्रँड स्लॅम त्याने जिंकलं २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये, मॅथ्यू एब्डेनबरोबर. मधे तेरा वर्षांहून जास्त काळ गेला. तेव्हा तो ४३ वर्षांचा होता आणि त्याच वेळी जगात पहिल्या क्रमांकावर पोचला. सिंगल्समध्ये या वयाला कुणी उभंही करत नाही.

आपल्याकडची उदाहरणंही घ्या. मुंबईच्या पुरव राजाने दिविज शरणबरोबर एटीपीची (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना) दोन विजेतेपदं मिळवली, २०१३ ला बोगोटात आणि २०१६ ला लॉस काबोसला. बार्शीची प्रार्थना ठोंबरे सानियाबरोबर २०१४ च्या आशियाई स्पर्धेत कांस्य घेऊन आली आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिक खेळली. पुण्याच्या अर्जुन कढेने २०२४ ला ऋत्विक बोल्लीपल्लीबरोबर अल्माटीची एटीपी २५० जिंकली. वाट आहे, आणि आपल्या माणसांनी ती तुडवलेली आहे.

पहिली पायरी: सिंगल्स सोडू नका, डबल्स आत्ताच धरा

हे ऐकायला उलट वाटेल, पण अठरापर्यंत सिंगल्स खेळत राहा. दोन कारणं आहेत. एक म्हणजे बॉलला वजन, पायांना सवय आणि एकट्याने मॅच ओढून न्यायची छाती सिंगल्समध्येच तयार होते. दुसरं कारण रोकडं आहे. व्यावसायिक स्पर्धांत डबल्सच्या प्रवेशासाठी अनेकदा सिंगल्सचं रँकिंगही चालतं. हातात दोन पत्ते असताना एक फेकून कशाला द्यायचा?

मात्र आठवड्यातले किमान दोन दिवस डबल्सचे ठेवा, तेही चौदाव्या वर्षापासून. आपल्याकडे ज्युनियर स्पर्धेत डबल्स म्हणजे सिंगल्स हरल्यावर जाता जाता खेळायची गोष्ट असते. आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर जोडीदार ठरतो. कित्येक पालक तर सिंगल्स हरल्या हरल्या डबल्समधून नाव काढून परतीची गाडी पकडतात. असं करू नका. आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) ज्युनियर रँकिंगमध्ये सिंगल्सच्या गुणांत डबल्सचे एक चतुर्थांश गुण मिळवले जातात, त्यामुळे नुसता हिशोब पाहिला तरी तो तोटा आहे. आणि खेळ म्हणून पाहिलं तर अख्खी एक मॅच फुकट घालवलेली असते.

बारावीनंतर अमेरिकन कॉलेजची वाट जरूर तपासा. शिष्यवृत्ती मिळाली तर शिक्षण होतं आणि चार वर्षं नियमित मॅचही मिळतात. तिथे दोन कॉलेजांच्या लढतीत आधी तीन डबल्स होतात, एकेका सेटच्या, आणि त्या तिन्हींचा मिळून एक गुण असतो. मग सहा सिंगल्स. त्या एका गुणासाठी जो गोंगाट होतो, त्यात खेळून आलेला मुलगा दडपणाला सरावतो. अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटमधून आला, ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एममधून.

दुसरी पायरी: मुंबईत कोर्ट, मार्कर आणि पावसाळा

मुंबईत टेनिसची खरी अडचण जागेची. नामांकित क्लबांचं सभासदत्व सामान्य घराला परवडत नाही आणि पैसे असले तरी लगेच मिळत नाही. कूपरेजला राज्य संघटनेचं केंद्र आहे, उपनगरांत अकादम्या भाड्याच्या कोर्टवर चालतात, आणि पवई-ठाण्याकडे टॉवरच्या सोसायट्यांत कोर्टं झाली आहेत. सोसायटीच्या कोर्टवर एक बघा: बेसलाइनच्या मागे आणि बाजूला मोकळी जागा किती आहे? भिंत सहा फुटांवर असेल तर लॉब (डोक्यावरून उंच टाकलेला बॉल) परतवायची सवय लागत नाही, बाहेर पळणारी सर्व्हिस अंगावर घेता येत नाही.

इथेच डबल्सवाल्यांचा एक फायदा आहे. एका तासाचं भाडं चौघांत वाटलं जातं. शिवाय व्हॉली (टप्पा पडायच्या आत मारलेला बॉल), रिटर्न, सर्व्ह-अँड-व्हॉली हे सगळं अर्ध्या कोर्टवर, तिरप्या रेषेत करता येतं, म्हणजे एकाच वेळी दोन जोड्या सराव करतात. सिंगल्सच्या मुलाला तासभर अख्खं कोर्ट लागतं. तुम्हाला लागत नाही.

आणि मार्कर. क्लबात सभासदांबरोबर खेळायला ठेवलेला माणूस, बहुतेकदा लहानपणी बॉलबॉय म्हणून आलेला आणि बघून बघून शिकलेला. शैली पुस्तकातली नसते, पण रोज सहा-सात तास तऱ्हेतऱ्हेच्या लोकांशी डबल्स खेळल्याने त्याचे हात मऊ असतात आणि बॉल कुठे येणार हे त्याला आधी कळतं. चांगल्या मार्करला तासाचे पैसे देऊन नेटवर उभं करा आणि त्याच्यावर रिटर्न मारा. महागड्या शिबिरातून जे मिळत नाही ते इथे मिळेल. त्याला "दादा" म्हणा, शिकायला आलोय हे सांगा. हातचं राखून ठेवणारे मार्कर मला फार थोडे भेटले.

जून ते सप्टेंबर मुंबईत उघड्यावर नियमित खेळणं अशक्य. या चार महिन्यांत घरात बसून राहणारा मुलगा ऑक्टोबरमध्ये दोन महिने मागे असतो. छपराखाली एक भिंत शोधा. भिंतीपासून आठ फुटांवर उभं राहून व्हॉली, एकदा फोरहँड, एकदा बॅकहँड, न थांबता शंभर. पहिल्या दिवशी वीसपर्यंत जाल. नेटवरचं हाताचं काम म्हणजे हेच. उरलेला वेळ व्यायामाला आणि बाहेरगावच्या स्पर्धांना द्या.

आपल्या दमट हवेचं आणखी एक. रॅकेट हातात फिरते, त्यामुळे ओव्हरग्रिप (मुठीवरची पट्टी) दर सेटला बदलायची तयारी ठेवा. किमान तीन रॅकेट एकाच टेन्शनने (तारांच्या ताणाने) गटिंग केलेल्या, म्हणजे तारा ओढलेल्या, हव्यात. डबल्समध्ये बॉल अलगद टाकायचा असतो, म्हणून सिंगल्सपेक्षा एक-दोन पौंड कमी टेन्शन ठेवून पाहा. मला ते मानवलं, माझ्या बऱ्याच मुलांनाही मानवलं.

बघायलाही शिका. चर्चगेटला सीसीआयमध्ये (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) २०१७ आणि २०१८ ला, नंतर पुन्हा २०२४ आणि २०२५ ला डब्ल्यूटीए (महिलांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना) १२५ दर्जाची मुंबई ओपन झाली. पुण्यात बालेवाडीला २०१८ ते २०२३ दरम्यान एटीपी २५० आणि त्यानंतर तिच्या खालच्या पायरीची चॅलेंजर झाली. अशी स्पर्धा आली की मुख्य कोर्टवरची गर्दी सोडा आणि बाजूच्या कोर्टवर डबल्सच्या मॅचला नेटच्या रेषेत बसा. बॉलकडे बघू नका. ज्याच्याकडे बॉल नाही त्याचे पाय बघा.

तिसरी पायरी: नोंदणी

ही पायरी छोटी आहे, पण इथे अडखळलेली पोरं मी दरवर्षी बघतो. ऑल इंडिया टेनिस असोसिएशन, म्हणजे आपलं आयटा, त्यांच्याकडे नोंदणी करून क्रमांक घ्या. राज्य संघटनेची नोंदणीही करा. जन्मदाखला आणि पासपोर्ट यांवरचं नाव अक्षरशः सारखं हवं. आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी आयटीएफचा आयपिन (खेळाडूचा ओळख क्रमांक) काढा. खेळातल्या भ्रष्टाचाराविषयीचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, तो शेवटच्या रात्रीवर ढकलू नका. चौदा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय व्यावसायिक स्पर्धा खेळता येत नाहीत.

प्रत्येक स्पर्धेचं माहितीपत्रक निघतं, त्याला सगळे फॅक्टशीट म्हणतात. कोर्टचा पृष्ठभाग, बॉल कोणता, हॉटेल कुठलं, प्रवेशाची सही किती वाजेपर्यंत, सगळं त्यात असतं. ते छापून बॅगेत ठेवा.

चौथी पायरी: शिडी आणि बेरीज

पुरुषांची शिडी अशी: तळाला आयटीएफच्या एम १५ आणि एम २५, वर चॅलेंजर ५० ते १७५, त्यावर एटीपी २५०, ५०० आणि १०००, आणि माथ्यावर चार ग्रँड स्लॅम, जिथे विजेत्याला २००० गुण असतात. नावातला आकडा म्हणजे विजेत्याचे गुण, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. महिलांकडे डब्ल्यू १५, ३५, ५०, ७५ आणि १०० अशा आयटीएफच्या पायऱ्या आहेत, वर डब्ल्यूटीए. गुण ५२ आठवडे टिकतात आणि मग गळतात. मागच्या मार्चमध्ये जिंकलेली स्पर्धा या मार्चमध्ये तुमच्या रँकिंगमधून वजा होते. पहिल्या फेरीत हरलात तर पुरुषांच्या डबल्समध्ये गुण नाहीत.

आता खरी गंमत. डबल्समध्ये जोडीचा प्रवेश दोघांच्या रँकिंगच्या बेरजेवर ठरतो. तुमचा क्रमांक ९००, जोडीदाराचा ५००, तर जोडी १४००. ज्या जोड्यांची बेरीज लहान त्या आधी आत. एम १५ च्या ड्रॉमध्ये सोळाच जोड्या असतात, त्यामुळे कट (आत जाणाऱ्या शेवटच्या जोडीची बेरीज) कधीकधी जिवावर येतो.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, तुमच्यापेक्षा वरच्या जोडीदाराबरोबर खेळलात तर मोठी स्पर्धा लवकर मिळते. पण तो तुमच्यापायी आपली बेरीज वाढवून घेतोय, हे त्यालाही कळतं. म्हणून त्याला तुमच्यात काहीतरी दिसलं पाहिजे: खात्रीची सर्व्हिस, डाव्या हाताचा कोन, किंवा स्वभाव. दुसरी, सिंगल्सच्या चांगल्या क्रमांकाचे दोन खेळाडू ऐनवेळी एकत्र येऊन डबल्सच्या पक्क्या जोडीला बाहेर ठेवू शकतात. याचं वाईट वाटतं, पण नियम तसा आहे. तिसरी, कुठल्या आठवड्यात कुठे जायचं हे ठरवताना त्याच आठवड्यात आणखी किती स्पर्धा आहेत ते पाहा. जगात एकाच वेळी सहा-सात ठिकाणी एम १५ चालू असतील तर जोड्या विखुरतात आणि कट सैल होतो. पक्का डबल्सवाला कॅलेंडर वाचण्यात तासन् तास घालवतो.

सुरुवातीचे गुण भारतातच मिळवा. आपल्याकडे आयटीएफच्या स्पर्धा सलग दोन-तीन आठवडे वेगवेगळ्या शहरांत लागतात. रेल्वेने जाता येतं, जेवण ओळखीचं असतं, व्हिसा लागत नाही.

पाचवी पायरी: जोडीदार

या पायरीवर सगळ्यांत जास्त करिअर घडतात आणि मोडतात.

मैत्री हा जोडी जमवायचा आधार होऊ शकत नाही. शाळेपासूनचे दोस्त म्हणून एकत्र खेळणाऱ्या दोन मुलांना मी वेगळं केलंय, आणि दोघांच्या घरचे सहा महिने माझ्याशी धड बोलले नाहीत. पण दोघंही अॅड साइडचे, म्हणजे डाव्या बाजूने रिटर्न घेणारे, होते, दोघांनाही नेटवर जायची भीती होती, आणि हरल्यावर दोघंही गप्प बसायचे. जोडीत एकाला जे येत नाही ते दुसऱ्याला यायला हवं. एकाची सर्व्हिस जड असेल तर दुसऱ्याचा रिटर्न. एक तापट असेल तर दुसरा थंड. डावरा मिळाला तर सोडू नका: प्रतिस्पर्ध्यांना दर दोन गेमनंतर नव्या कोनाच्या सर्व्हिसची सवय करून घ्यावी लागते. जगात सर्वांत यशस्वी ठरलेल्या ब्रायन जुळ्या भावांपैकी बॉब डावरा होता. पुरव राजाचा दिविजही डावराच.

कोण कुठल्या बाजूला उभं राहणार हे पहिल्याच दिवशी ठरवा आणि निदान तीन महिने बदलू नका. अॅड साइडला ज्याचा हात दडपणात थरथरत नाही तो, कारण गेम पॉइंट बहुतेक तिथे येतात.

जोडी ठरताना तोंडी पण स्पष्ट बोलून घ्या. किती आठवडे? कुठल्या स्पर्धा? मला मोठ्या स्पर्धेत वरचा जोडीदार मिळाला तर तू मोकळं करशील का, आणि मी तुला करेन का? खर्च कसा वाटायचा? कोच एक की दोन? हे बोलायला आपल्याकडे संकोच वाटतो. "अरे, आपल्यात काय असलं" म्हणून विषय टाळला जातो आणि मग नाव मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी फोन उचलला जात नाही. लोक भागीदारीत दुकान टाकताना चार गोष्टी लिहून घेतात. इथे तर तुमचं वर्ष पणाला लागलेलं असतं.

जोडी मोडणं हा या पेशातला रोजचा व्यवहार आहे. पेस आणि भूपती १९९९ ला चारही ग्रँड स्लॅमच्या फायनलमध्ये होते, त्यातल्या फ्रेंच आणि विंबल्डन जिंकले. तीही जोडी फुटली, मग पुन्हा जमली आणि २०११ ला ऑस्ट्रेलियन ओपनची फायनल खेळली. मोडताना समोरासमोर सांगा, मेसेजवर नको. आज सोडलेला जोडीदार तीन वर्षांनी पुन्हा लागतो, किंवा नेटपलीकडे उभा असतो.

कोर्टवरची भाषा छोटी ठेवा. "माझा", "तुझा", "सोड", "बदल". चारच शब्द, पण ओरडून. मुंबईची बरीच मुलं इंग्रजीत "माइन", "युअर्स", "स्विच" म्हणतात, तेही चालेल, दोघांचं एकच हवं म्हणजे झालं. प्रत्येक पॉइंटनंतर एकमेकांजवळ जा, पॉइंट गेला असला तर जास्तच. जोडीदाराच्या डबल फॉल्टवर मान खाली घालणारा खेळाडू मला चालत नाही, कारण ती मान पुढची सर्व्हिस टाकणाऱ्याला दिसते.

सहावी पायरी: हत्यारं

सिंगल्सचं कोर्ट २७ फूट रुंद, डबल्सचं ३६. फक्त नऊ फूट वाढतात आणि माणसं दुप्पट होतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जागा कमी येते. त्यामुळे जोरापेक्षा ठिकाण महत्त्वाचं. नेट मधोमध तीन फूट आणि खांबापाशी साडेतीन फूट उंच असतं. म्हणून शंका असेल तेव्हा बॉल मधून मारा. नेट तिथे खालचं आहे आणि "कुणी घ्यायचा" हा प्रश्नही तिथेच पडतो.

सर्व्हिसचं पहिलं काम हे की जोडीदाराला नेटवर सोपा बॉल मिळाला पाहिजे. एस, म्हणजे समोरच्याची रॅकेटच लागत नाही अशी सर्व्हिस, हा बोनस. पहिली सर्व्हिस थोड्या कमी वेगाने, पण आत, आणि बहुतेक वेळा अंगावर किंवा मधल्या रेषेकडे. रुंद सर्व्हिस केली की रिटर्नलाही रुंद कोन मिळतो आणि तुमच्या नेटवाल्याला ट्रॅमलाइन (डबल्सच्या कोर्टची बाजूची पट्टी) राखावी लागते. पाठीमागे बोटांनी खूण करून जोडीदार सांगतो, मी आडवा जातोय की जागेवर थांबतोय. आय फॉर्मेशनमध्ये तो मधल्या रेषेवर वाकून बसतो आणि सर्व्हिस झाल्यावर एका बाजूला झेपावतो. हे नवख्या जोड्यांनी लवकर शिकावं, कारण समोरचा रिटर्न मारायच्या आधी विचारात पडतो आणि तेवढ्याने काम होतं.

पण माझं ठाम मत असं की डबल्सचा खेळाडू रिटर्नवर ओळखला जातो. सर्व्हिस सगळ्यांकडे असते. रिटर्न नेटवाल्याला चुकवून, सर्व्हिस टाकून पुढे येणाऱ्याच्या पायाशी, खाली पडला पाहिजे. हे रोज पन्नास वेळा करा, नेटवर खरा माणूस उभा करून. रिकाम्या कोर्टवर मारलेल्या रिटर्नचा उपयोग नाही. दर सात-आठ रिटर्नमागे एक लॉब टाका, नाहीतर नेटवाला तुमच्या नाकासमोर येऊन उभा राहील.

मोजणी शिकून घ्या. आयटीएफपासून एटीपीपर्यंतच्या स्पर्धांत डबल्सला ४०-४० नंतर एकच निर्णायक पॉइंट असतो आणि तो कुठल्या बाजूने घ्यायचा हे रिटर्न करणारी जोडी ठरवते. एकेक सेट झाला तर तिसऱ्या सेटऐवजी दहा पॉइंटांचा सुपर टायब्रेक. अख्खी मॅच अनेकदा सव्वा तासात संपते आणि निकाल तीन-चार पॉइंटांवर लागतो. ग्रँड स्लॅमच्या पुरुष आणि महिला डबल्समध्ये मात्र तिसरा सेट पूर्ण खेळतात.

म्हणून सरावातले गेम ४०-४० पासून सुरू करा आणि प्रत्येक सत्राचा शेवट, दम लागलेला असताना, सुपर टायब्रेकने करा. निर्णायक पॉइंट कोण घेणार हे मॅचच्या आधी ठरवून ठेवा. त्या क्षणी "तू घे, तू घे" चालू झालं की गेम गेलाच. २०२३ मध्ये हांगचौला आशियाई स्पर्धेच्या मिक्स्ड फायनलमध्ये बोपण्णा आणि ऋतुजा भोसले यांनी पहिला सेट २-६ घालवला, दुसरा ६-३ घेतला आणि टायब्रेक १०-४. त्या दहा पॉइंटांचं रेकॉर्डिंग मिळालं तर ऋतुजा दोन पॉइंटांच्या मधे काय करते ते पाहा.

पैसा

पालकांनी हा भाग नीट वाचावा. एम १५ म्हणजे स्पर्धेची एकूण बक्षिसं १५,००० डॉलर, सिंगल्स आणि डबल्स मिळून. त्यात डबल्स जिंकणाऱ्या जोडीला हजार डॉलरही मिळत नाहीत, आणि ते दोघांत वाटायचे. कर कापला जातो तो वेगळा. प्रवास, हॉटेल, जेवण, गटिंग धरलं की जिंकूनही आठवडा जेमतेम सुटतो, आणि जिंकतात सोळांतली एकच जोडी. तळाच्या पायरीवर कमाई नसते, तिथे फक्त गुण विकत घेतले जातात. हे पहिल्या दिवसापासून मान्य असेल तरच उतरा.

कोर्टवर पाऊल ठेवायच्या आधी घरात बसून दोन आकडे ठरवा: किती वर्षं आणि किती रुपये. माझं मत विचाराल तर पूर्णवेळ सुरुवात केल्यापासून तीन वर्षांत चॅलेंजरच्या मुख्य ड्रॉमध्ये नियमित जागा मिळाली नाही, तर थांबून पुन्हा विचार करावा. कर्ज काढून चौथं वर्ष ढकलू नये.

खर्च कमी करायला वाव आहे. जोडीदारासोबत एकच खोली घ्या. राहण्याची सोय देणाऱ्या स्पर्धा शोधा. एकाच भागात सलग तीन-चार आठवडे खेळा, म्हणजे विमानाचा खर्च एकदाच येतो. जर्मनी आणि फ्रान्समध्ये क्लबांच्या लीग चालतात, तिथे परदेशी खेळाडूंना मॅचचे पैसे मिळतात. पुष्कळ भारतीय खेळाडूंनी उन्हाळ्याचा खर्च तसा भागवला आहे. राष्ट्रीय पातळीवर नाव झालं की सार्वजनिक कंपन्यांत आणि रेल्वेत खेळाडूंच्या जागा असतात, महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांतही खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. प्रमाणपत्रं पहिल्या स्पर्धेपासून फाइलला लावत चला. दहा वर्षांनी शोधत बसलात तर मिळणार नाहीत.

आणि एक इशारा. तळाच्या स्पर्धांत पैसा कमी म्हणून तिथेच सट्टेवाल्यांची नजर असते. इन्स्टाग्रामवर अनोळखी माणूस गोड बोलतो, "एक सेट सोड, एवढं देतो." उत्तर देऊ नका, स्क्रीनशॉट काढा आणि त्याच दिवशी कळवा. न कळवणं हासुद्धा गुन्हा आहे. आजन्म बंदी आलेले बहुतेक खेळाडू याच पायरीवरचे आहेत. तसंच जिममधल्या दुकानातली पावडर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका, डोपिंगमध्ये "माहीत नव्हतं" चालत नाही.

शरीर

डबल्समध्ये पळणं कमी, झेपावणं जास्त. खांदा, घोटा आणि गुडघा हे तीन सांधे सांभाळा. बोपण्णाच्या गुडघ्यातलं कूर्चा झिजून संपलं होतं; अय्यंगार योगाने आपल्याला परत उभं केलं, असं तो स्वतः सांगतो. ही पद्धत आपल्या पुण्याची. विशीतच सुरू केलीत तर तिचा उपयोग दुरुस्तीपेक्षा राखणीला होईल.

पहिल्या स्पर्धेचा आठवडा

सिंगल्सची आयटीएफ नोंदणी स्पर्धेच्या अठरा दिवस आधीच्या गुरुवारी, आपल्या वेळेने संध्याकाळी साडेसातला बंद होते. डबल्सची सही मात्र पुष्कळदा स्पर्धास्थळीच करायची असते. मी वीस वर्षांचा असताना जोडीदाराला वाटलं मी सही केली, मला वाटलं त्याने. दोघंही हॉटेलवर झोपलो होतो. रात्रभर रेल्वेने गेलो होतो आणि एकही बॉल न मारता आलो. तेव्हापासून माझा नियम आहे: दोघांनी मिळून टेबलाशी जायचं, यादीत दोन्ही नावं डोळ्यांनी बघायची, फोटो काढायचा.

स्पर्धेच्या गावी रविवारीच पोचा. एकटे असाल तर सही बंद व्हायच्या आत टेबलाजवळ उभे राहा, जोडीदार शोधणारे तिथेच घोटाळत असतात. तुमचा क्रमांक, बाजू आणि हात एका वाक्यात सांगता आलं पाहिजे: "आठशे पन्नास, ड्यूस साइड (उजवी बाजू), डावरा."

पहिल्या फेरीत हराल, बहुतेक जण हरतात. त्या संध्याकाळची गाडी पकडू नका. डबल्सची फायनल सहसा शनिवारी असते, तोवर थांबा. उरलेल्या जोड्यांना सरावाला चौथा माणूस लागतोच, रोज सकाळी कोर्टवर जाऊन विचारा. हॉटेलच्या नाश्त्याला त्यांच्या टेबलावर बसा, पुढचे तीन आठवडे कोण कुठे जातोय ते ऐका. तिथे कुणाची तरी जोडी नुकतीच मोडलेली असते. पुढच्या सोमवारचा जोडीदार मला तीन वेळा असाच मिळाला आहे.